गावाने बसच्या तुटीत वाटा उचलावा का?

कडेवरचा (धागालेखक)

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, पण आमच्या ग्रामसभेत एक मुद्दा निघाला आणि त्याचं उत्तर गावात कोणाकडे नाही, म्हणून इथे आणतोय.

आमचं गाव हवेली तालुक्यात, पुणे महापालिकेच्या हद्दीपासून चार किलोमीटरवर. नाव लिहीत नाही. गावातले निम्मे लोक इथे वाचतात आणि उरलेल्यांना त्यांच्याकडून कळतं. २०१७ मध्ये अकरा गावं पालिकेत गेली, २०२१ मध्ये आणखी तेवीस गेली. दोन्ही वेळा आम्ही बाहेरच. काहींना त्याचा आनंद आहे (घरपट्टी), काहींना दुःख (पाणी). माझं मत दिवसागणिक बदलतं.

पीएमपीची (पुणे-पिंपरीची शहर बस) गाडी फाट्यापर्यंत येते. फाटा ते गाव अडीच किलोमीटर. गाडी आत का येत नाही याची चौकशी केली तर दोष आमचाच निघाला: गाडी वळवायला गावात जागाच नव्हती. जी होती तिथे तीन ट्रॅक्टर, एक बंद पडलेली पिठाची गिरणी आणि गणेश मंडळाचा सांगाडा.

बारा मीटरची बस एका दमात वळायला किती जागा लागते हे मला या उन्हाळ्यापर्यंत माहीत नव्हतं. आम्ही चौघांनी शाळेमागच्या पडीक जागेत चुन्याची फक्की टाकून वर्तुळ आखलं आणि उसाच्या ट्रकवाल्याला म्हटलं, फिरव. पहिल्या खेपेला मागचं चाक कुंपणात. वर्तुळ मोठं केलं, दुसऱ्या खेपेला आरसा चिंचेला घासला. तो म्हणाला, "माझी गाडी बसपेक्षा आखूड आहे, हे धरून चाला." शेवटी जनावरांचा हौद वीस फूट सरकवायचं ठरलं तेव्हा कुठे गोल बसला. हौद कोणाच्या दाराशी सरकवायचा यावर दोन आठवडे गेले, तो वेगळा धागा होईल.

तर जागेचा ठराव करताना एक सदस्य म्हणाले, "नुसती जागा देऊन काय होतंय? पीएमपीच्या तुटीतले पुणं साठ टक्के भरतं, पिंपरी चाळीस भरते. आपणही थोडे भरू म्हणावं. मग गाडी हक्काने मागता येईल." सभा हसली. मला मात्र हसू आलं नाही.

म्हणून विचारतो: ग्रामपंचायतीला असं करता येतं का? आणि येत असेल तर करावं का?

हिशेबनीस

चांगला प्रश्न. आधी साठ-चाळीस म्हणजे काय ते, कारण त्यावर बरेच गैरसमज आहेत.

२००७ पर्यंत पुण्याची पीएमटी वेगळी होती आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी वेगळी. दोन्ही मोडून पीएमपीएमएल झाली. ही कंपनी कायद्याखालची कंपनी आहे, महापालिकेचं खातं नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका तिच्या मालक. दोन्हीकडचे पदाधिकारी आणि आयुक्त संचालक मंडळावर, आणि कारभार बघायला सरकारने दिलेला आयएएस अधिकारी. वर्षाअखेर खर्च वजा उत्पन्न करून जी संचालन तूट उरते ती पुण्याने ६० आणि पिंपरी-चिंचवडने ४० टक्के भरायची.

आता गंमत बघा. हा वाटा मालकीचा आहे, सेवेचा नाही. तुमच्या फाट्यापर्यंत येणारी गाडी हद्द ओलांडली की जी तूट करते तीही याच ढिगात पडते. म्हणजे तुमच्या गावची गाडी धायरीचा आणि चिंचवडचा करदाता चालवतो. तो हे बिनबोभाट करतो तोवर ठीक. पण अंदाजपत्रकाच्या सभेत कोणी ना कोणी उठून विचारतोच की हद्दीबाहेर गाड्या कशाला. पीएमआरडीएने (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) त्या मार्गांचा भार उचलावा, हा विषयही तेव्हाच निघतो.

तुमच्या सदस्यांचं गणित हसण्यावारी नेण्यासारखं नाही. फक्त ज्या कंपनीत तुमचा शेअर नाही तिच्या तुटीत वाटा भरून तुम्हाला मत मिळत नाही, पावती मिळते.

साशंक

अजिबात भरू नका!

हद्दीबाहेरचा प्रवासी आधीच जास्त भरतोय. जून २०२५ च्या भाडेवाढीनंतर दैनिक पास दोन्ही महापालिकांच्या हद्दीत ७० रुपये, आणि हद्दीबाहेर पीएमआरडीएचा भाग धरून १५०. तुमच्या फाट्यावरचा मजूर चार किलोमीटर हद्दीबाहेर राहतो म्हणून दुपटीहून जास्त देतो. शिवाय तुमच्याकडे जी बांधकामं होतात त्यांचं विकास शुल्क पीएमआरडीए घेते, गाव नाही. ज्याने शुल्क घेतलं त्याने बस द्यावी. ग्रामपंचायतीने तिसऱ्यांदा खिसा का उघडायचा?

आज तुम्ही पन्नास हजार भराल, उद्या शेजारच्या गावाला सांगतील, "ते भरतात, तुम्हीही भरा." पायंडा पडेल.

निगडीकर जुने

दोन परिवहन होत्या तेव्हाचे दिवस पाहिलेत, म्हणून थोडी भर.

मी नोकरीला शिवाजीनगरला होतो. निगडीच्या थांब्यावर गाडी लांबून येताना दिसली की आधी ती कोणाची हे बघायचं, मग पाटी. आजच्या पोरांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही. एक कंपनी झाली त्याचा फायदा झाला नाही असं म्हणणाऱ्यांनी तो काळ आठवावा.

पण हद्द गेली म्हणता? छे! जुन्या हायवेने निगडीहून निघा. दापोडीपर्यंत बीआरटीची, म्हणजे फक्त बससाठी राखलेली, मार्गिका. हॅरिस पूल ओलांडला, मुळा नदी खाली गेली, की पुण्याची बोपोडी. मग खडकी, म्हणजे छावणी परिषद, तिसरा मालक. मग परत पुणे महापालिका. गाडी तीच, चालक तोच, पण रस्ता कोणाचा यावर तिची चाल ठरते. पिंपरी-चिंचवडने बीआरटी धरून ठेवली, पुण्याने नगर रस्त्यावरची उखडायला घेतली. दोघांची कंपनी एक आहे, रस्त्याबद्दलची मतं दोन आहेत. कंपनी बस चालवू शकते, रस्ता तिच्या हातात नाही. हा घोळ साठ-चाळीसने सुटत नाही.

पॅंट्रीकार

@निगडीकर जुने, हिंजवडी विसरलात का? ग्रामपंचायत हिंजवडीची, आतले रस्ते एमआयडीसीचे, मेट्रो पीएमआरडीएची, बस पीएमपीची, आणि शेजारी वाकडला पिंपरी-चिंचवड महापालिका. पाऊस आला की पाणी मात्र सगळ्यांचं.

ग्रामपंचायतवाला

नोकरीच या खात्यात आहे, त्यामुळे जपून लिहितो. (आता आम्हाला ग्रामसेवक म्हणत नाहीत, ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. काम तेच, पाटी नवी.)

पैसा कुठून आणणार हे आधी बघा. वित्त आयोगाचा निधी? पंधराव्या वित्त आयोगात (२०२१ ते २०२६) ६० टक्के बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छता. उरलेला ४० टक्के अबंधित. म्हणजे तुमच्याकडेही साठ-चाळीस होतंच. अबंधितातून पगार आणि आस्थापना खर्च चालत नाही, बाकी अकराव्या अनुसूचीतल्या एकोणतीस विषयांत बसलं पाहिजे. त्यात रस्ते, पूल, तरी (म्हणजे नावा), जलमार्ग आणि दळणवळणाची इतर साधने असा विषय आहे. त्यामुळे निवारा शेड, काँक्रीट, दिवा, पेव्हर ब्लॉक हे आराखड्यात घ्या, अडचण नाही. पण दुसऱ्या कंपनीची दर महिन्याची तूट? लेखापरीक्षकाचा आक्षेप शंभर टक्के येणार आणि त्याची पूर्तता तुमचे सरपंच पुढच्या कारकिर्दीतही करत बसणार.

स्वनिधी म्हणाल तर घरपट्टी-पाणीपट्टीतून आधी १५ टक्के मागासवर्गीय, १० टक्के महिला व बालकल्याण, ५ टक्के दिव्यांग. मग दिवाबत्तीचं बिल, शिपायाचा पगार. खाली काय उरतं ते धागालेखकाला माहीत असेल.

माझा सल्ला: एकदाच होणारा आणि डोळ्यांना दिसणारा खर्च गावाने करावा. दर महिन्याचा, न दिसणारा करू नये.

झुरिचकर मीरा

इथे अकरा वर्षं राहते, म्हणून "आमच्याकडे कसं" लिहायचा मोह होतो. एरवी टाळते, कारण लगेच "मग तिकडेच राहा" येतं. पण हा प्रश्न इथे अक्षरशः असाच सोडवलाय, म्हणून लिहिते.

झुरिच कँटनमध्ये (कँटन म्हणजे स्वित्झर्लंडमधलं राज्य) एकशे साठ गावं-शहरं आहेत आणि प्रत्येकाची स्वतःची पालिका. माझ्या गावात साडेतीन हजार लोक असतील. १९८८ ला कँटनच्या मतदारांनी सार्वजनिक वाहतुकीचा कायदा मतदानाने मंजूर केला आणि १९९० पासून सगळ्या बस, ट्राम, लोकल, तलावातल्या बोटीसुद्धा एका छत्राखाली आल्या. गाड्या चालवणाऱ्या कंपन्या वेगवेगळ्याच राहिल्या. तिकीट, वेळापत्रक आणि तूट तेवढी एकत्र झाली.

त्या तुटीतली निम्मी कँटन भरतं, निम्मी सगळ्या पालिका मिळून. आता पालिकांमध्ये वाटणी कशी? लोकसंख्येवर नाही, मालकीवर नाही. ८० टक्के भाग सेवेवर: तुमच्या गावातल्या थांब्यांवरून किती गाड्या सुटतात ते मोजतात. उरलेला २० टक्के गावाच्या कर भरण्याच्या ताकदीवर. आमच्या पालिकेच्या सभेत दर वर्षी ही रक्कम कागदावर येते आणि कोणीतरी आजोबा उठून विचारतात की रात्री अकराची बस रिकामी जाते, ती आपण का पोसतो. मग दुसऱ्या आजी उठतात आणि सांगतात की त्या बसने त्यांची नात येते. हा प्रयोग मी दोनदा पाहिलाय.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर चित्र अर्धं राहील. वस्ती, नोकऱ्या आणि शाळेच्या जागा मिळून ३०० भरल्या की त्या वस्तीला किमान सेवा देणं कायद्याने बांधलेलं आहे. म्हणजे गाव पैसे भरतं म्हणून बस मिळते असं नाही. बस मिळणार हे आधी ठरलेलं आहे, मग भरणं येतं. क्रम उलटा केला तर श्रीमंत गावांनाच बस मिळेल.

हिशेबनीस

मीराताई, हेच मला नीट मांडता येत नव्हतं. धन्यवाद.

थांब्यावरून सुटणाऱ्या फेऱ्या मोजायच्या हे आपल्याकडे अवघड नाही. गाड्यांना जीपीएस आहे, तिकिटाचं यंत्र आहे. कुठल्या हद्दीत किती फेऱ्या, किती किलोमीटर हे संध्याकाळपर्यंत निघू शकतं. असं केलं तर साठ-चाळीस हा आकडा दर वर्षी थोडा हलेल, आणि तिसरा कप्पा आपोआप तयार होईल: हद्दीबाहेर. तो कप्पा पीएमआरडीएच्या नावावर. मग "आमच्या पैशाने बाहेर गाड्या कशाला" या भाषणातली हवा जाते.

अडचण एकच. आज ज्याला कमी भरावं लागतंय तो मोजायला हो म्हणणार नाही.

रंकाळ्याकाठी

आमच्याकडं या भावा कोल्हापूरला, मग कळंल बसचं राजकारण काय असतंय ते.

१९७२ ला महापालिका झाली. तेव्हापासून आजतागायत हद्दवाढ नाही. एक इंच नाही! गावांचा विरोध. मधला मार्ग म्हणून २०१७ ला बेचाळीस गावांचं प्राधिकरण केलं. पण केएमटी (महापालिकेची बस) मात्र गावात जाते. दूधवाला, शाळेची पोरं, मार्केट यार्डाला भाजी, सगळं केएमटीवर. मग हद्दवाढीची हवा तापली की मागणी ठरलेली: जी गावं शहरात यायला नको म्हणतात त्यांची केएमटी बंद करा. गावं म्हणतात, आमच्या पोरांनी तिकीट काढूनच प्रवास केलाय, फुकट नाही. दोघंही खरं बोलतात, हीच तर पंचाईत.

तेव्हा धागालेखक, पैसे भरा नाहीतर भरू नका, पण बस आणि हद्दवाढ हे दोन कागद एका फायलीत जाऊ देऊ नका. एकदा गेले की बस ओलीस.

साशंक

@रंकाळ्याकाठी +१००. मी म्हणत होतो तो पायंडा हाच.

ठाण्याची सात चाळीस

मुंबईकडचं थोडं. बेस्ट १९४७ पासून मुंबई महापालिकेची, ठाण्याची टीएमटी १९८९ ची, नवी मुंबईची एनएमएमटी १९९६ ची, मग कल्याण-डोंबिवलीची केडीएमटी, मीरा-भाईंदर, वसई-विरार. सगळे एकमेकांच्या हद्दीत गाड्या सोडतात. विलीनीकरणाची चर्चा माझ्या कॉलेजपासून ऐकतेय, आता माझी मुलगी कॉलेजात आहे.

ऑक्टोबर २०२५ ला "मुंबई वन" आलं. लोकल, मेट्रो, मोनो आणि चार महापालिकांच्या बस धरून अकरा सेवांचं तिकीट एका ॲपवर. माझं मत: विलीनीकरणाच्या नादी न लागता हे आधी केलं ते बरं झालं. प्रवाशाला कंपन्या किती याच्याशी देणंघेणं नसतं. पण तूट मात्र अजून ज्याची त्याने सोसायची. म्हणून उद्या एखाद्या पालिकेची तिजोरी आटली तर ॲपवर मार्ग दिसेल आणि रस्त्यावर गाडी कमी दिसेल. पुण्याने पैसे आधी एकत्र केले, मुंबईने तिकीट आधी एकत्र केलं. आता दोघांनी एकमेकांची वही बघावी.

घंटी दोरी तिकीट

एसटीत एकतीस वर्षं वाहक. आता निवृत्त. वर खूप मोठे हिशेब झाले, मी छोटे सांगतो.

गाडी गावात आणायची तर आगारात तीन गोष्टी बघतात. भारमान, डेड किलोमीटर आणि फेरीची वेळ. भारमान म्हणजे शंभर सीटला किती बसले. डेड किलोमीटर म्हणजे गाडी प्रवासी न घेता आगारातून थांब्यापर्यंत आणि परत जेवढी पळते ते. तुमचं गाव कडेला आहे, म्हणजे पहिल्या फेरीला गाडी शहरातून रिकामी येणार. तो खर्च कोणाच्या डोळ्यावर येत नाही, पण वहीत येतो.

आमच्या वेळी याला उपाय होता. मुक्कामी गाडी. रात्री शेवटची फेरी गावात, चालक-वाहक देवळात नाहीतर चावडीत झोपणार, पहाटे तिथूनच पहिली फेरी. मी भोर भागात किती रात्री काढल्यात. एका गावात पाटलीणबाई पहाटे चारला चहा पाठवायच्या आणि सांगायच्या की पहिल्या फेरीला आमची वांगी घेऊन जा. वांग्याच्या टोपल्यांना लगेज लावलं की भांडण, नाही लावलं की तपासणीसाचं भय.

पण आता पीएमपीकडे सीएनजी आणि विजेच्या गाड्या. विजेची गाडी रात्री चार्जिंगला आगारात जायलाच पाहिजे, सीएनजीला पंप पाहिजे. मुक्काम जमणं कठीण. तेव्हा दुसरा मार्ग धरा: एकट्या गावासाठी गाडी मागू नका. फाट्यावरून तुमच्या गावात आणि पुढे शेजारच्या एक-दोन गावांतून वळसा घालून परत हमरस्त्याला लागता येतं का बघा. आत जाऊन त्याच रस्त्याने परत येणारी फेरी आगाराला आवडत नाही. गोल फिरून येणारी आवडते, कारण प्रत्येक किलोमीटरला नवा प्रवासी.

आणखी एक. २०२१-२२ च्या आमच्या संपात पीएमपीने ग्रामीण भागात गाड्या सोडल्या, लोकांना आधार झाला. संप मिटला, एसटी परत रस्त्यावर आली, आणि २०२२ च्या अखेरीस पीएमपीने त्यातले मार्ग बंद करायला घेतले. म्हणजे तुम्ही बस मागाल तेव्हा आधी विचारतील, तिथे एसटी आहे का? असेल तर तुमच्या अर्जात त्या एसटीच्या वेळा लिहा आणि मधल्या वेळा मागा. भांडण लावून देऊ नका.

कडेवरचा

काका, साष्टांग नमस्कार. गोल फिरून येणाऱ्या फेरीचं कोणाच्याच डोक्यात नव्हतं. आमच्या पुढे दोन वाड्या आहेत आणि तिथून पालखी मार्गाला निघता येतं. मधे ओढ्यावर एक मोरी आहे, तिची रुंदी मोजायला उद्या जातो.

दुसरी पाळी

मी शहरातल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे, राहते तुमच्यासारख्याच एका कडेच्या गावात. सगळे प्रतिसाद वाचले. साठ-चाळीस, ऐंशी-वीस. एक गोष्ट कोणी बोललं नाही.

मी रात्री पावणेदहाला फाट्यावर उतरते. बस मिळते, माझी तक्रार बसबद्दल नाही. तक्रार उतरल्यानंतरच्या बाराशे पावलांबद्दल आहे. मी मोजलीत. पहिली तीनशे हॉटेलच्या उजेडात. पुढची सहाशे अंधारात, एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला प्लॉटिंगचं पत्र्याचं कुंपण, त्यामुळे बाजूला व्हायला जागा नाही. डंपर आला की कुंपणाला पाठ लावून उभी राहते. शेवटची तीनशे कुत्र्यांची. आमच्याकडे दोन वर्षं बस गावात आणायची चर्चा चाललीय आणि या दोन वर्षांत त्या सहाशे पावलांवर एक दिवा लागला नाही, कारण "बस गावात आल्यावर त्याची गरजच काय" असं म्हणतात.

ग्रामपंचायतवाले दादा म्हणाले ना, एकदाच होणारा आणि दिसणारा खर्च. मग तो आजच करा. गाडीची वाट बघू नका.

ग्रामपंचायतवाला

ताई, खरं आहे. धागालेखक, फाटा ते गाव रस्ता कोणाचा ते आधी तपासा. जिल्हा परिषदेचा असेल तर खांबाला त्यांची ना हरकत लागेल. सौरदिवे घेतलेत तर वीजबिलाचा प्रश्न नाही, पण बॅटरी कोण बदलणार हे ठरावातच लिहा. नाहीतर दोन वर्षांनी खांब उभे आणि दिवे झोपलेले.

साशंक

दिव्यांना माझा विरोध नाही हे नोंदवून ठेवतो. :)

कडेवरचा

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलो. काय झालं ते सांगतो.

मोरीची रुंदी पुरते, कठडा एका बाजूला तुटलाय. दोन्ही वाड्यांच्या लोकांशी बसलो. एका वाडीचे लोक आधी म्हणाले, तुमच्या गावाची बस आमच्या दारातून कशाला. मग त्यांच्या मुलींनीच त्यांना गप्प केलं. आता तिन्ही मिळून एक अर्ज आहे, तीन ग्रामसभांचे तीन ठराव जोडलेत.

तुटीत पैसे भरायचा मुद्दा आम्ही मागे घेतला. सदस्य थोडे नाराज झाले, पण मीराताईंचं वाक्य त्यांना वाचून दाखवलं की क्रम उलटा केला तर श्रीमंत गावांनाच बस मिळेल. ते म्हणाले, "आपण श्रीमंत कुठले?" मी म्हटलं, म्हणूनच.

त्याऐवजी हे ठरलं. वळायची जागा काँक्रीट करायची, हौदासकट. फाट्यापासून अकरा सौरदिवे, बॅटरीची जबाबदारी पाणीपट्टी वसूल करणाऱ्याकडे लेखी. आणि एक काम फुकटातलं: दहावीच्या पोरांनी सात दिवस सकाळी सहा ते रात्री दहा फाट्यावर बसून वही भरली. कोण उतरलं, कुठे निघालं, पायी की दुचाकीवर की वडापने (शेअर जीपने). आम्हाला वाटायचं सगळी गर्दी सकाळी साडेसातला आहे. वही म्हणते दुपारी बारा ते दोनमध्येही तेवढीच आहे, शाळा सुटलेली पोरं आणि बाजाराला गेलेल्या बायका. त्या वेळेत शहराच्या बाजूने गाड्या तशाही थोड्या मोकळ्या असतात, असं काका म्हणतील.

दुसरी पाळी ताईंसाठी: रात्री आठनंतर उतरणारे दिवसाला सरासरी एकोणीस, त्यात बायका आठ. हा आकडा ग्रामसभेत वाचला तेव्हा शांतता झाली. दिव्यांचा ठराव त्यानंतर दोन मिनिटांत झाला.

घंटी दोरी तिकीट

दुपारच्या गाड्या मोकळ्या असतातच. त्या वहीची झेरॉक्स अर्जाला लावा. मूळ वही देऊ नका, परत येत नाही.

दुसरी पाळी

तुमच्या सदस्यांचा फोन नंबर आमच्या सरपंचांना द्याल का? गंमत नाही, खरंच विचारतेय. व्यक्तिगत निरोप करते.

हिशेबनीस

अर्जाची एक प्रत पीएमआरडीएलाही पाठवा आणि एक तुमच्या जिल्हा परिषद सदस्याला. पीएमपीला एकटीला पाठवलात तर तिचं उत्तर तुटीवर थांबेल. आणि वरच्या कोपऱ्यात "मार्ग वर्तुळाकार, अंतर इतके" हे ठळक लिहा. पहिली ओळ वाचूनच अर्ज कुठल्या टेबलावर जाणार ते ठरतं.

कडेवरचा

पाठवल्या, तिन्हीकडे. पोच मिळाली.

आता नवा पेच. मोरीजवळ दोन वाड्यांच्या मधोमध एक थांबा मागितलाय. त्याला नाव कोणत्या वाडीचं द्यायचं यावर काल रात्री साडेअकरापर्यंत बैठक चालली. एकीचं आधी लिहिलं तर दुसरी ठराव मागे घेते म्हणते. मी "मोरी" सुचवलं, तर म्हणाले गावाला मोरीचं नाव कसं देता.

घंटी दोरी तिकीट

जवळ झाड कुठलं आहे?

कडेवरचा

जांभूळ. म्हातारं आहे, दोन्ही वाड्यांच्या बांधावर.

घंटी दोरी तिकीट

मग "जांभूळ फाटा" लिहा आणि रंगवून टाका, बैठक परत बोलवायच्या आत.